मणक्यावरची गाठ

जालिंदरच्या पाठीवर लालसर गाठी उठल्या आणि मिरजगावात ज्याला त्याला डॉक्टरकी सुचली. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं किडा चावला. गाठी मात्र ना दुखत, ना खाजत. नको असलेल्या पाहुण्यासारख्या मुक्काम ठोकून बसल्या. बायको ज्योती रोज पाठ न्याहाळायची. जमेच्या बाजूला वाढच पडत होती, उतार कुठंच नव्हता.

मग जालिंदरच्या आईनं, झुंबरबाईनं, बिब्बा काढला. तापल्या सुईनं बिब्ब्याचं तेल घेऊन गाठींवर फुल्या मारल्या. तिच्या हाताला गुण आहे असं सगळं गाव म्हणायचं, मुख्यतः तिच्यासमोर.

तरीही गाठी वाढतच राहिल्या, तेव्हा काही महिन्यांनी तिघं नगरला गेली. तिथं कातडीच्या डॉक्टर दीपा यांनी सगळ्यांत मोठ्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आला: भाजल्याची सूज, बाकी काही नाही. जालिंदर खूश होऊन शर्टाची बटणं लावायला लागला. डॉक्टरीणबाई मात्र एकदा कागदाकडे, एकदा पाठीकडे बघत राहिल्या. इतके महिने न दुखता वाढणारी गाठ भाजल्याची कशी असेल? वर काही लावलं होतं का, चटका वगैरे, असं त्यांनी विचारलं.

"न्हाई म्याडम," जालिंदर म्हणाला. आई शेजारीच बसली होती, आणि बिब्ब्याचं नाव काढलं की डॉक्टर लोक झापतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ज्योतीची पंचाईत झाली. खरं सांगावं तर सासूची चहाडी. ते घरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. गप्प बसावं तर नवऱ्याच्या पाठीत दडलंय ते दडलेलंच राहणार. ती सासूकडे वळली आणि अगदी मायेनं म्हणाली, "आत्याबाई, म्याडमना सांगा की तुमच्या हाताचा गुन. असा बिब्बा कुनाला जमतोय?"

झुंबरबाई फुलली. बिब्बा कसा पारखायचा, सुई किती तापवायची, सगळं सांगून मोकळी झाली. जालिंदर जमिनीकडे बघत बसला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढून त्यांनी विचारलं, "आजी, एखादी गाठ सोडलीत का हो?"

"येक सोडली. मनक्यावरची. तितं लावत न्हाईत. माज्या सासूनं घालून दिल्यालं हाय."

दुसरा तुकडा त्या न भाजलेल्या गाठीचा घेतला. खास रंग लावून पेशी तपासल्या, तेव्हा उत्तर निघालं: त्वचेचा बी-पेशींचा लिम्फोमा, फार क्वचित दिसणारा. डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. शरीराची राखण करणाऱ्या पेशींतल्याच काही कातडीत बेसुमार वाढल्या होत्या. आहे कर्करोगच, पण हा प्रकार धीमा. कातडीपुरताच असेल तर बरा आटोक्यात येतो. आतून कातडीवर आला असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून स्कॅन.

स्कॅनचा निकाल येईपर्यंत ज्योतीला भाकर गोड लागली नाही. आत काही निघालं नाही. गाठींवर किरणांचे उपचार ठरले.

परतीच्या एसटीत झुंबरबाईनं शेजारी बसलेल्या बाईला ऐकवलं, "मी ती गाठ सोडली म्हनून घावला रोग. बाकी डॉक्टरला कायबी कळत नव्हतं."

जालिंदरनं तोंड उघडलं. ज्योतीनं त्याला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "व्हय आत्याबाई. आता मातुर समद्याच सोडायच्या."