वल्लरीच्या माठातलं खत

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चार दिवसांपासून नाकाला रुमाल लावूनच वावरावं लागत होतं. वासाचं मूळ होतं बाल्कनीतला वल्लरीचा माठ. सातवीच्या वर्गाला शाळेने दीड महिन्याचा प्रकल्प दिला होता: घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं आणि रोजची नोंद वहीत ठेवायची. आपल्याकडे प्रकल्प म्हटला की मुलं झोपतात आणि आईबाप कात्री-डिंक घेऊन बसतात. ही मुलगी मात्र सगळं स्वतः करत होती.

एकतिसाव्या दिवशी माठात अळ्या झाल्या. वरच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. तिचे बाबा, उपेंद्र, म्हणाले, टाकून दे. वल्लरी हट्टालाच पेटली. कलिंगडाच्या सालींमुळे पाणी फार झालंय, असा तिचा अंदाज होता. तिने बागेतून पिशवीभर वाळकी पानं आणून माठात कालवली आणि वहीत लिहिलं, 'आठ दिवसांत वास जाईल.'

सातव्या दिवशी ती नाचाच्या क्लासहून परतली, तर वास गायब! माठात काळंभोर, भुसभुशीत खत. ती बाबांच्या गळ्यातच पडली. उपेंद्रही म्हणाले, "बघ, जमलं की तुला."

प्रदर्शनाला पालकांनाही बोलावलं होतं. प्रेमा मिसनी तिचं खत वर्तमानपत्रावर ओतून बोटांनी चाळलं. मग वही उघडून त्यांनी विचारलं, की रोज अंड्याची कवचं टाकल्याचं लिहिलं आहेस, ती गेली कुठे? दीड महिन्यात काही ती विरघळत नाहीत. खतात कवचाचा एक तुकडा नव्हता. नर्सरीच्या पिशवीत असतो तसा नारळाचा भुसा मात्र होता. मागून वर्गातला शौर्य म्हणाला, विकत आणलंय. वर्ग हसला.

वल्लरी लालबुंद झाली. "मी स्वतः केलंय. माझ्या बाबांना विचारा," म्हणत ती वळली.

उपेंद्र खाली बघत होते.

हसणाऱ्या मुलांचं तिला काहीच वाटलं नाही. ज्यांच्या भरवशावर ती भर वर्गात बोलली, त्यांनीच तिला तोंडघशी पाडलं होतं. ती गळ्यात पडली तेव्हाही त्यांना सगळं माहीत होतं! हे मनात येताच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपेंद्रनी अडखळत सांगितलं. तक्रारी वाढल्या होत्या, प्रदर्शन तोंडावर आलं होतं, म्हणून तिच्यामागे त्यांनी माठ कचऱ्याच्या गाडीत रिकामा केला आणि नर्सरीतलं खत भरलं. "तू हिरमुसली असतीस, वल्ली. मला ते बघवलं नसतं."

"पण माझा अंदाज बरोबर होता की चूक, ते आता मला कधीच कळणार नाही, बाबा."

प्रेमा मिस बेंगळुरूतल्याच जुन्या मराठी घरातल्या, बोलण्यात कानडी शब्द यायचेच. त्या हळूच म्हणाल्या, "स्वल्प वास आला असता, तर बिघडलं काय असतं, सर? तोच माठ मला बघायचा होता. वास का आला, हे ती शोधत होती. तिचा अभ्यास तो होता. तुम्ही तिच्या हातातलं काम काढून घेतलंत."

उपेंद्रनी सगळ्या पालकांसमोर सांगितलं, चूक माझी आहे, वल्लरीची नाही. तेव्हा दोन-तीन पालकांनी आपापल्या मुलांच्या खताच्या चकचकीत डब्यांवरची नजर गुपचूप काढून घेतली.

वल्लरीने वहीत अडतिसाव्या दिवसाखाली लिहिलं, 'इथून पुढचं खरं नाही.' मग मिसकडे आणखी दीड महिना मागितला. मिसनी दिला.

नवा माठ आणून देतो, असं उपेंद्र म्हणाले. ती नको म्हणाली आणि स्वतःच जाऊन घेऊन आली. त्यानंतर कितीतरी दिवस बाहेरून आली की ती आधी झाकण उघडून आत बघायची, मगच दप्तर ठेवायची. उपेंद्रना ते दिसायचं. पण ते माठाला हातही लावायचे नाहीत.

पालकहो, मुलांचं काम बिघडलं तर बिघडू द्या. ती ते पुन्हा करतात, दुसऱ्या खेपेला जास्त शहाणपणाने करतात. आपल्यावरचा त्यांचा विश्वास मात्र कुठल्याच नर्सरीत विकत मिळत नाही.