सशाभोवतीचा चौक

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची कंपासपेटी आहे. पण माझ्यात कधी कर्कटक पडले नाही की कोनमापक. माझ्या पोटात सुई-दोरा असतो. झाकणावर एक लठ्ठ ससा आहे आणि त्याच्या चारी बाजूंना ओरखडे आहेत. ते कुणा खोडकर मुलाचे नाहीत. ज्या हाताने मला नटवले, त्याच हाताने ते ओढले.

बोईसरला एका छोट्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तेव्हा घरोघरी टीव्ही येऊ लागले होते आणि मुलांना चित्रांच्या पेट्या हव्या असत. शेडमध्ये सशाचा आकार कापलेला पत्र्याचा छाप पेटीवर ठेवून ससे रंगवत. तो छाप फाटला, तेव्हा कामावर देखरेख करणाऱ्या सुगंधाबाईंनी जिवलीच्या हातात ब्रश दिला.

जिवली डोंगराकडच्या पाड्यावरून येई. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे देवीभोवतीची नक्षीची चौकट, काढण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. पण तो चौक सवाशिणींनीच काढायचा असतो. नवरा गेल्यावर तिला कुणी बोलावले नाही आणि तिनेही पुन्हा कशावर रेघ ओढली नाही.

"मला नाय येत आता," ती म्हणाली.

"चौक कुठं काढायचाय? ससा काढ."

तिने माझ्यावर दोन त्रिकोणांचा, पळणारा, काटकुळा ससा काढला. सुगंधाबाईंना हसू आवरेना. "अगं, ह्यो तर उपाशी हाय! पोरांना गुबगुबीत लागतो. गाल गुलाबी कर."

जिवलीने रॉकेलच्या बोळ्याने ससा पुसला आणि नवा काढला. त्याला गाल आले, पोट आले, तोंडात मुळा आला. त्याला बघून ती खुदकन हसली. मग शेजारच्या पेटीवर छत्रीवाला हत्ती आला, तिच्या पलीकडे चष्मा लावलेली मांजर. तिचा हात थांबेना. माझी कड मोकळी दिसली, तेव्हा तिथे पांढरी नक्षी धावली. रेघा, त्रिकोण, साखळी. माझ्याइतकी देखणी पेटी तारापूरपर्यंत नसेल, असे मला वाटले.

आणि तिचे हसू मावळले. तिने, विधवेने, सशाभोवती लग्नाचा चौक काढला होता. बहिणीच्या मुलीचे, सोमीचे लग्न तोंडावर आले होते.

"माजी हौस पोरीला भोवंल," ती पुटपुटली आणि पत्र्याच्या तुकड्याने तिने ती नक्षी खरवडून काढली. मी मिरवत होते आणि ती भीतीने अर्धी झाली होती. त्या मिरवण्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून ती ब्रशला शिवेना. "ससा काय कुणाचं लगीन मोडतो व्हय?" सुगंधाबाईंनी परोपरीने समजावले. जिवली पेट्या खोक्यात भरत राहिली. ओरखड्यांमुळे मी विकण्याजोगी उरले नव्हते. तिने मला मागून घेतले आणि घरी नेऊन फडक्याखाली लपवले. सोमीच्या लग्नात ती मांडवाच्या बाहेरच बसली. लग्नानंतरही सोमीला साधा खोकला झाल्याचे कळले, की ती फडके उचलून माझ्याकडे बघे. तिच्या त्या नजरेने मीच गुन्हेगार ठरे.

शेवटी सोमी पाहुणी म्हणून आली. ती सुई शोधत असताना मी तिच्या हाती लागले. ओरखडे बघून तिने विचारले आणि जिवलीने रडत सारे सांगितले.

"मावशे, मी बरी हाय ना? मंग?" सोमी म्हणाली. तिने तांदळाचे पीठ पाण्यात कालवले, बांबूची काडी चावून मऊ केली आणि माझ्या ओरखड्यांवरून पुन्हा ती नक्षी काढली. तिच्या रेघा वाकड्या होत्या.

"चौक माजा. ससा तुजा. आता तरी हास."

जिवली लगेच हसली नाही. तिने सशाच्या गालावरून बोट फिरवले, मग वाकड्या रेघांकडे पाहिले. "तुला कोनी शिकवलं गं असलं?" ती म्हणाली आणि हसली. सोमवारी तिने सुगंधाबाईंकडे ब्रश मागितला. पुढे वर्षानुवर्षे कितीतरी मुलांच्या दप्तरांत तिचे ससे, हत्ती आणि मांजरी गेल्या.

मित्रांनो, तांदळाचे पीठ पत्र्यावर फार टिकत नाही. ते झडते, ओल्या हाताला तर लगेच निघून येते आणि खालचे ओरखडे उघडे पडतात. ते दिसले की जिवली अजून घाबरते. मग सोमी आली की काडी चावते आणि चौक पुन्हा काढते. म्हणून एवढेच मागते. मला कधी उचलून घ्याल, तर कोरड्या हातांनी घ्या.