पहिली गोळी

“गोळीची पट्टी फुटल्याचा आवाज ऐकू दे मला,” सिस्टर फोनवर म्हणाल्या.

पलीकडे कट्ट झालं. “घेतली हो, सिस्टर.”

सिस्टरांचा विश्वास बसला नाही. तो कुणावरच बसायचा नाही. पेशंट त्यांना पाठीमागे ‘फौजदारबाई’ म्हणायचे ते उगाच नाही. पण पहिली गोळी कधी घेतली, त्यावरूनच गर्भ आत सोडायची वेळ ठरते. या पोरीचे तीन गर्भ टिकले नव्हते. तिच्या गर्भाशयाचं अस्तर जरा उशिरा तयार होतं, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी वेळ पुढे सरकवली होती. दवाखान्यातल्या टाकीत गोठवलेला एकच गर्भ उरला होता.

दोन दिवसांनी रक्त तपासलं, तर औषधाचा मागमूस नाही. सिस्टरांनी आधी औषधवाल्याला फैलावर घेतलं, मग नवऱ्याला फोन लावला. शेवटी तिलाच बोलावून घेतलं. सोबत सासूबाई होत्या.

“रोज विचारते मी, घेतलीस ना म्हणून!” त्या तावातावाने म्हणाल्या.

“तुम्ही जरा बाहेर बसता का?”

दार लागल्यावर सिस्टर म्हणाल्या, “आता खरं बोल. घरात कुणी आडवं येतंय का?”

तिने नाही म्हणून मान हलवली आणि पर्समधून रुमाल काढून त्याची गाठ सोडली. सगळ्या गोळ्या त्यात होत्या.

“अगं, मग आवाज?”

“पट्टी फोडत होते. घेत नव्हते. शेवटचा आहे ना, सिस्टर. आत ठेवला आणि तोही गेला तर? इथे आहे तोवर आहे तरी.”

सिस्टरांना भडभडून आलं. नको तिथे इतका संशय घेतला, आणि हे मात्र डोक्यातही आलं नाही. त्यांनी रुमालाची गाठ मारून तो तिच्या हातात दिला.

“डॉक्टरांशी मी बोलते. तू सांगशील तेव्हाच, बरं?”

बाहेर सासूबाई उभ्याच होत्या. “काय झालं?”

“अस्तर तयार नाही. या महिन्यात नको.”

“नक्की ना?” सासूबाईंनी डोळे बारीक केले.

“म्हणजे काय, खोटं बोलतेय का मी?” सिस्टर फणकारल्या.

पोरगी हळूच म्हणाली, “ती टाकी कुठे असते हो?”

सिस्टरांनी बोळाच्या टोकाचं बंद दार दाखवलं. ती तिथवर गेली आणि शाळा सुटायची वाट बघणाऱ्या आईसारखी दाराशी उभी राहिली.

“आता ही कुठे निघाली?” सासूबाई पुढे सरसावल्या. सिस्टरांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना जिन्याकडे वळवलं.