सील फुटलेला मोबाईल

लक्ष्मीचंद रहांगडाले माझा दुकानशेजारी. अर्जुनी मोरगावच्या बाजार ओळीत त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आणि माझं भांड्यांचं, मधे एकच भिंत. नवरा गेल्यापासून दुकान मीच चालवते. गल्ल्यावर बसून बसून सावित्रीबाईची जीभ तिखट झाली असं लोक म्हणतात, म्हणू देत. पण लक्ष्मीचंद वाईट माणूस आहे असं मी कधी म्हटलं नाही, आणि आता जे सांगणार आहे ते सांगून झाल्यावरही म्हणणार नाही.

त्याला घमेंड एकाच गोष्टीची होती. लोक उद्या काय मागतील ते मला आज कळतं, असं तो म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर त्याला कळायचंही. निन्याण्णव साली आमच्याकडे काळ्यापांढऱ्या टीव्हीपुढे सगळा मोहल्ला बसायचा, तेव्हा त्यानं रंगीत टीव्ही आणून दुकानाच्या दाराशी चालू करून ठेवला. धान विकून घरी निघालेली माणसं तिथं खिळून उभी राहायची. मग सीडी आल्या, मग मोबाईल. ढोलासारखे वाजणारे मोठ्या स्पीकरचे चायना मोबाईल तालुक्यात सगळ्यात आधी त्यानं आणले आणि लोकांना त्यांचा कंटाळा यायच्या आत खपवूनही टाकले. दोन हजार तेराच्या दिवाळीत खेड्यापाड्यातली पोरं दुकानात शिरून "टच आहे का?" एवढंच विचारू लागली, तोवर लक्ष्मीचंदनं बटनवाले मोबाईल मागवणं बंदही केलं होतं. बाहेर मोठा बॅनर लावला, जुना द्या, नवा न्या. आलेले जुने सेट तो एका खोक्यात टाकायचा, पुसूनबिसून चकचकीत करायचा आणि ज्यांना टच परवडत नाही त्यांना विकायचा.

खोक्यात पडलेला सेट तो सगळ्यात आधी फॉरमॅट मारून कोरा करायचा. या बाबतीत मात्र तो सोन्यासारखा होता. दुसऱ्या दुकानांतली टारगट पोरं गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधले फोटो काढून बघत बसायची, फिदीफिदी हसायची. लक्ष्मीचंदनं कधी कोणाच्या मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं नाही. लोकांच्या घरातलं आपल्याला काय करायचं, असं म्हणायचा.

त्या दिवाळीनंतर त्याच्या लेकीचं, रुचिचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. मुलगा ओमेश्वर पटले, देवरीकडच्या एका खेड्यातला. धानाची शेती, स्वतःची मळणी मशीन, घरी आई अनुसयाबाई आणि तो. बोलायला कमी, पण हसरा. लक्ष्मीचंद आणि त्याचे भाऊ जाऊन घर-वाडी पाहून आले होते. मुलगी काही पाहायला जात नाही, ती थेट लग्न लागल्यावर उंबरा ओलांडते, आमच्याकडे अजूनही तसंच आहे. रुचि मला एकदा म्हणाली होती, मावशी, जिथं जन्म काढायचा ते घर सगळ्यांनी पाहिलं, मीच तेवढी राहिली. मी हसले. तिला ते खरंच लागलं असेल असं मला वाटलं नाही.

अलीकडे साक्षगंधात मुलाकडून साडीबरोबर मोबाईल येतो, लग्नापर्यंत दोघांना बोलता यावं म्हणून. ओमेश्वरनंही आणला होता. ताटातून तो डबा लक्ष्मीचंदनं उचलला आणि धंद्याच्या सवयीनं उलटापालटा करून पाहिला. बटनवाला मोबाईल, साधा कॅमेरा असलेला. वर डब्याचं सील फुटलेलं. एवढ्या पाहुण्यांसमोर तो हसत हसत म्हणाला, "जावईबापू, हा मॉडेल तं आता मी दुकानात ठेवनंच बंद केला. अन् सीलही फुटेल आहे. देवरीवाल्यानं तुमाले फसवलं."

मांडवात हशा पिकला. ओमेश्वरही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मी जवळच होते. उठताना तो रुचिला हळूच म्हणाला, निवांत उघडून पाहजो. रुचिनं मान हलवली.

पण पाहायला तो डबा तिच्या हाती राहिलाच नाही. लक्ष्मीचंदनं त्यातलं सिम काढून नव्या टच मोबाईलमध्ये घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या हातात दिलं. मोबाईलवाल्याची पोरगी बटनं दाबत बसली तर लोक काय म्हणतील, हे त्याचं म्हणणं. रुचि खूश झाली, खोटं कशाला बोलू. एवढा मोठा काचेचा पडदा, कोण नाही होणार. पहिला मोबाईल कुठं आहे असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा दुकानात ठेवला आहे, इतकंच तो म्हणाला. दुकानात तो त्या खोक्यात होता. सील फुटलेलं म्हणजे वापरलेला माल, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की त्यानं नेहमीसारखा तो फॉरमॅट मारला आणि अर्जुनीत दिलेल्या आपल्या लेकीला भेटायला देवरीकडून आलेल्या धुरपता नावाच्या एका म्हातारीला विकून टाकला. विकला तेव्हा मी समोर होते. मीही काही बोलले नाही.

पुढचं मला धनवंतानं सांगितलं, म्हणजे रुचिच्या आईनं. ओमेश्वरचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, पाहिलं का? रुचिला वाटलं मोबाईलबद्दल विचारतोय. त्याला वाईट वाटू नये म्हणून ती म्हणाली, पाहिला, छान आहे. मग त्यानं विचारलं, "खोली आवडली का? भिंत अर्धीच झाली होती तवा."

कसली खोली, हे तिला विचारता येईना, कारण पाहिलं असं ती आधीच म्हणून बसली होती. नंतर बोलते म्हणून तिनं फोन ठेवला आणि बापाकडे दुकानात आली. तिचा चेहरा मी भिंतीपलीकडून पाहिला नाही, पण आवाज ऐकला. खोली आवडली का विचारत होते, त्या मोबाईलमध्ये काहीतरी होतं, बाबा, तो आत्ता द्या मला.

लक्ष्मीचंदला तेव्हा उमगलं. सील दुकानदारानं फोडलं नव्हतं, ओमेश्वरनं फोडलं होतं. मोबाईल देण्याआधी त्यानं त्यात घराचे फोटो काढून भरले होते. मुलगी घर पाहायला येत नाही, तर घरच तिच्याकडे पाठवावं, असं त्या पोराच्या मनात आलं होतं. एवढं शहाणपण आमच्या सगळ्या बिरादरीत कोणाला सुचलं नव्हतं.

त्या क्षणी लक्ष्मीचंदनं ओमेश्वरला फोन करून सांगून टाकायला हवं होतं. चुकलो, न पाहता विकला. पोरगा चार दिवस रुसला असता, मग हसला असता. पण एवढ्या मांडवात ज्याची थट्टा केली त्याच्यापुढे आता कान पकडायचे, हे त्याच्यानं होईना. तो रुचिला म्हणाला, सांग, मोबाईल बंद पडला, सर्व्हिस सेंटरला पाठवला आहे. आणि तिनं ते सांगितलं. बापाचं खोटं लेकीनं आपल्या तोंडानं सांगितलं, हे मला आजही सहन होत नाही.

ओमेश्वरनं ते खरं मानलं. नवा मोबाईल बंद कसा पडला म्हणून तो देवरीच्या दुकानदाराशी जाऊन भांडला, चार लोकांसमोर वाट्टेल ते बोलला. दुकानदारही तापला. पण मोबाईल विकणाऱ्या दुकानदारांची एक पद्धत असते. विकलेल्या मोबाईलच्या बॅटरीखाली आपल्या दुकानाचं नाव आणि तारीख असलेलं छोटं स्टिकर चिकटवायचं, म्हणजे उद्या कोणी दुसरीकडचा माल आपल्या गळ्यात मारू नये. धुरपता त्याच भागातली. ती चार्जरची पिन बसत नाही म्हणून तो मोबाईल घेऊन त्याच दुकानात आली, आणि बॅटरी उघडताच दुकानदारानं आपलं स्टिकर ओळखलं. अर्जुनीत लक्ष्मीचंदकडून घेतला, हे धुरपतानंच सांगितलं. खोक्यातल्या बाकीच्या मोबाईलवर लक्ष्मीचंद पहिलं स्टिकर काढून आपलं लावायचा. हा मात्र पुसायचीही गरज नव्हती, म्हणून सिम काढताना बॅटरी उघडूनही स्टिकर बदलायचं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. दुकानदारानं ओमेश्वरला बोलावून घेतलं आणि मोबाईल त्याच्यासमोर ठेवला. आता सांग, बंद कुठं आहे हा?

ओमेश्वर अर्जुनीला आला तो दुपारी, बाजाराच्या दिवशी. मी माझ्या दुकानाच्या पायरीवर होते. तो सासऱ्याला म्हणतात तसं मामाजी म्हणाला नाही, काका म्हणाला. आवाज चढवला नाही. नुसतं विचारत होता, आत काय होतं ते एकदा तरी पाहिलं होतं का. लक्ष्मीचंद म्हणाला, मी कोणाचे फोटो पाहत नाही. आणि ते खरं होतं, पण त्या दिवशी ते खरं किती फालतू वाटलं.

मग ओमेश्वर सांगायला लागला. आईनं सगळं घर पांढऱ्या छुईच्या मातीनं सारवलं होतं. प्रत्येक दारात ती उभी राहिली होती, डोक्यावर पदर घेऊन, म्हणजे सुनेला कळावं की कोण वाट पाहत आहे. विहीर, चुलीची जागा, खिडकीतून दिसणारा तलाव. आणि त्या दोघांसाठी बांधायला घेतलेली खोली, विटा अर्ध्यावर आलेली. खिडकी कुठल्या बाजूनं पाहिजे ते रुचिनं सांगावं, म्हणून काम थांबवून ठेवलं होतं.

लक्ष्मीचंदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी पाहिलं आहे. पण माणूस घाबरला की आपल्या धंद्याकडेच पळतो. त्यानं मागच्या काचेच्या कपाटातून सगळ्यात महागाचा टच मोबाईल काढला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, हा घेऊन जा, कॅमेरा याचा चांगला आहे, पुन्हा काढा फोटो, पहिल्यापेक्षा साफ येतील. मी मनात म्हटलं, अरे लक्ष्मीचंद, आता तरी गप बस.

ओमेश्वरनं त्या मोबाईलला हातही लावला नाही. म्हणाला, "मोबाईल बंद पडला म्हनून रुचि सांगत होती, तवा मी तिच्यासाठी भांडून राहिलो होतो, काका. तुमच्या पोरीले मायं घर दाखवाचं होतं मले. तुमी न पाहताच इकलं." एवढंच बोलून तो पायऱ्या उतरला. माझ्याजवळून जाताना येतो म्हणाला. तेवढी रीत त्यानं सोडली नाही.

त्या आठवड्यात मध्यस्थाकडून निरोप आला की अनुसयाबाई नाही म्हणतात. धनवंता जाऊन त्यांच्या पाया पडून आली, मी सोबत होते. अनुसयाबाईंनी आम्हाला चहा दिला, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बाई, थट्टा सोसली असती, पण पोरगी खोटं बोलली, आता पोरगा तिचं नाव काढत नाही. रुचि स्वतःहून खोटं बोलली नव्हती, हे धनवंतानं सांगितलं. त्या म्हणाल्या, असंन. निघताना मी ती खोली पाहिली. भिंत पूर्ण झाली होती आणि खिडकी तलावाच्या बाजूला नव्हती.

रुचि रडली ती पहिल्या रात्री. त्यानंतर नाही. बापावर ओरडली असती, जेवण सोडलं असतं, तर घरातली हवा तरी मोकळी झाली असती. ती दुकानात येऊन बसायची, गिऱ्हाइकांना टच मोबाईल कसा चालवायचा ते शिकवायची, बापानं हाक मारली की ओ द्यायची. लक्ष्मीचंदनं 'जुना द्या, नवा न्या'चा बॅनर काढून टाकला. एक्स्चेंजमध्ये त्या वर्षी सगळ्यांची चांदी झाली, यानं दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं. उद्या लोक काय मागतील हे बोलणंही त्यानं बंद केलं. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

पुढच्या सालात रुचिचं गोंदियात जमलं. टाइल्सचा धंदा, दुमजली घर, मुलगा चांगला, घरात त्याला टिंकू म्हणतात. या वेळी लक्ष्मीचंदनं स्वतःच विषय काढला. मुलगी घर पाहायला आली तर चालेल का, असं त्यानं व्याह्याला विचारलं. बिरादरीत आजवर कोणी असं विचारलं नव्हतं, पण ते शहरातले लोक, हसून हो म्हणाले. रुचि जायला तयार झाली नाही. तेव्हा लक्ष्मीचंदनं टिंकूला फोन करून घराचे फोटो मागवले. सगळ्या खोल्यांचे, गच्चीचे, स्वयंपाकघराचे. टिंकूनं ते बापलेक दोघांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी आंदणाची भांडी घेऊन त्यांच्या घरी गेले होते. पाणी भरायचे पितळी गुंड, पराती, ताटांचे सेट, ओसरीभर पसारा. रुचिचा मोबाईल बाजेवर पडला होता आणि मला वेळ पाहायची म्हणून मी तो उचलला. टिंकूनं पाठवलेले घराचे फोटो समोरच होते, सगळे अजून धुरकट, बोट लावलं की साफ उघडतात तसे. एकालाही तिनं बोट लावलं नव्हतं. फोटो येऊन महिना होत आला होता.

लक्ष्मीचंद माझ्या मागं उभा होता. त्यालाही दिसलं. त्यानं लेकीला अगदी हळू विचारलं, घराचे फोटो पायले नाई का, बाई.

रुचि गुंड फडक्यानं पुसत होती. वर न पाहता म्हणाली, "तुमी पायले ना, बाबा. मंग झालं."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. जेवण झालं का विचारल्यावर हो म्हणावं तसं ती म्हणाली. लक्ष्मीचंद बाहेर येऊन ओसरीच्या पायरीवर बसला. मी पाणी नेऊन दिलं, ते त्यानं घेतलं नाही.

"भांडली असती मायाशी एक डाव, तं बरं झालं असतं, सावित्रीबाई," तो म्हणाला.

आत रुचि आईला ताटं मोजून देत होती. तिला ऐकू गेलं असणार, पण मोजणं थांबलं नाही.