गट्टू की टेकडी

दीपाने आयुष्यात एक गोष्ट कधी केली नव्हती, ती म्हणजे माघार. दारव्ह्याकडच्या त्या गावात बारा वर्षं अंगणवाडी चालवत होती ती, आणि गावात एकही पोट्टं असं नव्हतं ज्याचं नाक तिने पुसलं नव्हतं.

त्यामुळे अंगणवाडीमागच्या मोकळ्या जागेत लेकरांसाठी खेळायची-शिकायची बाग करायचं तिच्या डोक्यात आलं, तेव्हा ती कागद-पेन्सिल घेऊन बसलीच नाही. आठवडाभर लेकरांना तिथे मोकळं सोडलं आणि नुसती पाहत राहिली. कोण कुठून पळतं, कुठे थबकतं, भांडायला कुठे जमतात आणि रुसून कुठे बसतात. जिथे पावलांनी गवत मोडलं तिथे तिने फक्कीची पांढरी रेघ ओढली. ती झाली वाट. रुसणाऱ्यांसाठी निंबाखाली तुराट्यांची झोपडी. उन्हाच्या बाजूला धने-मेथीचा वाफा, नळाजवळ रेतीचा खड्डा. आणि मधोमध चढायला-घसरायला मातीची टेकडी. झाला की नकाशा! आता कोणी शिकलेल्या इंजिनिअरने यावं आणि चूक काढून दाखवावी.

इंजिनिअर नाही आला, सरपंच आले. वामनराव माणूस भला, पण गट्टूवर, म्हणजे जमिनीवर बसवायच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर, त्यांचा भारी जीव. रस्त्याला गट्टू, देवळापुढे गट्टू, समाजमंदिरापुढे गट्टू. आता अंगणवाडीच्या आवारासाठीही ते मंजूर झाले होते.

"मॅडम, लोकं आवार चकाचक करून राह्यले, अन् तुम्ही चिखल करून राह्यल्या?"

"भाऊ, गट्टूवर पडलं का गुडघा फुटते. मातीवर पडलं का लेकरू उठते अन् पळते."

वामनरावांनी हुशारीने पेच आयांवर टाकला. पुढच्या शुक्रवारी बैठक. बाया म्हणतील ते.

दीपाला वाटलं, जिंकलो! बाया तर आपल्याच. पण त्याच संध्याकाळी चार-पाच बाया घेऊन कांताबाई फाटकात उभी राहिली. दीपाच्याच मोहल्ल्यातली, सम्यका नावाच्या चार वर्षांच्या पोरीची आजी. निंदण आणि कापूस वेचण्यात जन्म गेलेला, आणि ती बोलायला लागली की बाकीच्या बाया ऐकायच्या.

"दीपा, आपल्या किती पिढ्या मातीत गेल्या व? माह्या मायची गेली, माही गेली. आता लेकराले शिकाले पाठवतो, तं तू पुन्हा मातीतच घालून राह्यली? मी तं गट्टूच म्हणीन. माही नात साफ कपड्यानं जाईन अन् साफ कपड्यानं येईन."

मागच्या बायांनी माना डोलावल्या. दीपाची आईही दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची, आणि रात्री थकल्या हातांनी दीपाचा शाळेचा फ्रॉक धुवायची. कांताबाई चुकीचं बोलत नव्हती, आणि तेच दीपाला झोंबलं.

पण थांबेल ती दीपा कसली! बैठकीच्या आत बाग उभी करून दाखवायचीच, म्हणून शनिवारी तिने दोन-चार बाप लोकांना जुंपलं. वावरातली ट्रॅक्टरभर काळी माती आणली, पाणी मारलं, थापली. टेकडी अशी देखणी झाली की विचारू नका. फेब्रुवारीचं ऊन पडलं आणि बुधवारपर्यंत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. त्या दुपारी सम्यकाचा पाय नेमका भेगेत अडकला, ढेकूळ निसटलं, आणि पोरगी भोकाड पसरून खाली आली. लागलं नव्हतं फार. पण तिला न्यायला आलेल्या आजीने सगळं पाहिलं.

आता ही गाव डोक्यावर घेणार, असं दीपाला वाटलं. कांताबाईने नातीला झटकलं, टेकडीकडे पाहिलं आणि खो-खो हसत सुटली.

"काळ्या मातीचा ढीग? अवं, तू खेड्यात राह्यते का मुंबईत?"

दीपाचे कान तापले. पण चूक ती चूक.

"मंग कशाचा घालतात, मावशी?"

"मी कायले सांगू? मले गट्टू पायजे."

"नका सांगू. पण हे असंच राह्यलं तं उद्या कोण्या लेकराचा पाय मोडन."

कांताबाई ओठ चावत उभी राहिली. जे काम आपल्याला येतं ते दुसऱ्याने डोळ्यांदेखत नासवलेलं कोणाला बघवतं? तिने पदर खोचला. "आण ते फावडं. अन् मुरूम बोलाव. कुटारबी लागन."

टेकडी मोडली. दोन टोपली मुरूम, एक टोपलं काळी माती, वर मूठभर कुटार म्हणजे भुसा, पाणी शिंपडून थर चोपायचा. मग दुसरा थर. लेकरं पेल्यापेल्याने पाणी आणत होती, अर्धं अंगावर सांडत होती. गुरुवारी टेकडी घट्ट उभी राहिली. काम संपलं होतं, पण कांताबाई उठेना. नळापासून रेतीच्या खड्ड्यापर्यंत बोटांनी तिने छोटा पाट काढला. इकडून पाणी तोडलं, तिकडे वळवलं, त्यात निंबाचं पान सोडलं आणि ते अडकलं तेव्हा सम्यकापेक्षा मोठ्याने ओरडली. सून दोनदा हाका मारून गेली. हिला ऐकूच गेलं नाही. दीपाने जाऊन नळ तेवढा थोडा आणखी सोडला.

शुक्रवारी वामनरावांनी विचारलं, "गट्टू पायजे त्यायनं हात वर करा."

सगळ्या बायांनी कांताबाईकडे पाहिलं. ती उभी राहिली.

"सरपंच, साठ वर्सं झाले मले. एवढे वर्सं माती उकरली. पण दुसऱ्यानं सांगतली तिथं, अन् दुसऱ्यानं सांगतली तेवढी. काल मी तो पाट काढला. कोणी सांगतला नव्हता. मनात आलं, काढला." तिने पदराने तोंड पुसलं. "खेळणं म्हणतात ते हेच असन, तं मले ते साठाव्या वर्षी भेटलं. माह्या नातीले चौथ्याच वर्षी भेटू द्या."

गट्टूसाठी एकही हात वर झाला नाही.