सुपरवायझरचं इंजेक्शन

"धर नीट. मांजर आहे ते, फुलदाणी नव्हे."

वन्सं असं म्हणाल्यावर वहिनीनं बोक्याच्या खांद्यांभोवतीची पकड थोडी आवळली. बोका वाटीत तोंड खुपसून खात होता. वन्संनी त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून उचलली, सुई टोचली, दट्ट्या दाबला आणि कातडी सोडून दिली. बोक्याचं खाणं थांबलं नाही. त्यानं फक्त एक कान मागे वळवला.

"कळलंसुद्धा नाही त्याला," वन्सं म्हणाल्या. "तू दिलंस की ओरडतो."

"माझा हात कापतो हो वन्सं."

"मन कापतं तुझं. उगाच हाताला नावं ठेवू नकोस."

ते खरंच होतं. चष्म्याच्या दुकानात डोळ्यालाही धड न दिसणारे स्क्रू ती दिवसभर बसवायची, गरम हवेवर काड्या वाकवून कुणाच्याही नाकाकानांवर चष्मा बसवून द्यायची. तिथं तिचा हात कधी कापल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण जित्या जिवात सुई खुपसायची म्हटलं की तिला घाम फुटायचा.

तिला सगळी इमारत वहिनी म्हणे, कारण तिचा नवरा सगळ्या इमारतीचा दादा होता. तो गेला तेव्हा घरात मागे दोघीच राहिल्या, ती आणि तिची मोठी नणंद. वन्संनी लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेलेली, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच हाताला धरून वाढवलं, आणि टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी निवृत्तीपर्यंत केली. हेडफोन कानाला लावून बसलं की शहरातल्या निम्म्या लोकांचे नंबर त्यांच्या जिभेवर असत. "उभ्या नोकरीत माझ्या हातून एक चुकीचा नंबर जोडला गेला नाही," असं त्या सांगत, आणि ते खोटं आहे असं म्हणणारा कुणी भेटला नव्हता.

भावजयीत मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून काहीतरी कमी वाटत आलं होतं. भांडण असं कधी झालं नाही. दोघींचं सगळं बोलणं नवऱ्यामार्फत चाले. "वन्संना विचारा, जेवायला वाढू का?" "तिला सांग, मला भूक नाही." तो बिचारा दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभा राहून इकडचं तिकडे करायचा. तो गेला आणि घरातला आवाजच गेला. दोघी एकाच टेबलावर जेवायच्या, आणि ऐकू यायचे ते चमचे.

त्या शांततेत हा बोका आला. दुकानाच्या मागच्या बाजूला रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला तो वहिनीला सापडला. हाडांचा सापळा, एक कान फाटलेला. म्हातारा माणूस सपाता ओढत चालतो तसा मागच्या टाचा जमिनीला टेकवून चालायचा. दिलेलं सगळं खायचा, बादलीभर पाणी प्यायचा, आणि तरी रोज थोडा आणखी वाळायचा. शेवटी तिनं त्याला खोक्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"मधुमेह आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मांजरांनाही होतो?"

"होतो. खाणं झालं की सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन द्यायचं. रोज. जमेल का बघा. नाही जमलं तरी कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

वहिनी खोकं घेऊन घरी आली ती बोलणी खायच्या तयारीनं. वन्संनी खोक्यात डोकावून पाहिलं. "हे ध्यान? आणि याला इंजेक्शनं? आपल्याच गुडघ्यांना औषध लावायला घरात कुणी नाही." पण संध्याकाळी वहिनीची सुई तिसऱ्यांदा चुकली आणि बोका पलंगाखाली पळाला, तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. "आण इकडे. एक्स्चेंजच्या बोर्डावर एका हातानं प्लग आणि दुसऱ्या हातानं खटका, असं आयुष्य काढलंय मी."

तेव्हापासून टोचायचं काम त्यांचं आणि धरायचं वहिनीचं. सुपरवायझर हे नावही त्यांनीच ठेवलं. "आमची सुपरवायझर खुर्च्यांच्या मागून अशीच फिरायची. पाऊल वाजायचं नाही, पण आमच्या माना आपोआप ताठ व्हायच्या."

सुपरवायझर हळूहळू भरला. टाचा उचलून चालायला लागला, मग खिडकीत उडी मारायला लागला. आणि त्याच्या निमित्तानं दोघी एकमेकींशी थेट बोलायला लागल्या. आधी बोलणं बोक्याच्या खाण्यापिण्याचं असायचं. मग केव्हातरी वन्संनी भावाच्या लहानपणीची गोष्ट काढली. शाळेत जायचं नाही म्हणून तो पिठाच्या डब्यात लपला होता आणि शिंकला म्हणून सापडला. वहिनी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिला हे कधी सांगितलं नव्हतं.

"पांढराफटक झाला होता," वन्संही हसत म्हणाल्या. "नुसते डोळे दिसत होते."

पण याच दिवसांत दुसरंही काही वहिनीच्या लक्षात येत होतं. वन्संनी रिकामी किटली गॅसवर ठेवली आणि ती करपली. दूधवाल्याला पैसे दिले का, हे एका दुपारी तीनदा विचारलं. एकदा खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या दाराला आपली किल्ली लावून त्या बराच वेळ खटपट करत होत्या. "डोक्यातल्या तारा जुन्या झाल्या," असं म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं. वहिनीही हसली. रात्री तिच्या मनात यायचं की आता सुई आपण आपल्या हातात घ्यावी. पण सकाळी वन्सं चष्मा लावून, बाटली तळहातांत हलकेच फिरवून, सिरिंज उजेडात धरून बघायच्या, तेव्हा त्यांचा चेहरा असा काही एकाग्र झालेला असायचा की वहिनीला शब्द फुटायचा नाही. कळत होतं, पण वळत नव्हतं.

त्या दिवशी दुकानात मालाची मोजदाद होती, म्हणून तिला लवकर निघायचं होतं. वन्संना रात्रभर सर्दीनं झोप नव्हती, त्या अजून पांघरुणातच होत्या. वहिनीनं सुपरवायझरला खायला घातलं, श्वास रोखला आणि एकटीनं सुई दिली. पहिल्यांदाच तो ओरडला नाही. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. वन्संच्या उशाशी चहा ठेवत ती म्हणाली, "वन्सं, सुपरवायझरला इंजेक्शन दिलंय मी. तुम्ही पडून राहा."

"हो, ऐकलं," वन्सं म्हणाल्या.

जिन्यात शिंपीणबाई भेटल्या. "आज एवढ्या लवकर?"

"हो ना. इंजेक्शनही मलाच द्यावं लागलं आज. वन्संना सांगून, चहा ठेवून निघाले."

दुपार व्हायच्या आधी दुकानात फोन वाजला. मालकांनी घेतला आणि तिच्या हातात दिला.

"अगं, सुपरवायझर कसंतरी करतोय," वन्सं म्हणाल्या. "पाय टाकतो ते भलतीकडेच पडतात. सकाळी इंजेक्शन दिलं तेव्हा अगदी ठीक होता. आज मी एकटीनं दिलं, तरी हूं की चूं केलं नाही त्यानं."

वहिनीच्या हातातली चष्म्याची फ्रेम खाली पडली.

"वन्सं, साखरेचं पाणी करा. बोटानं त्याच्या हिरड्यांना लावा. लावत राहा. मी निघालेच."

ती पोचली तेव्हा वन्सं मोरीपाशी जमिनीवर बसल्या होत्या. एरवी गुडघ्यांमुळे त्या स्टुलापेक्षा खाली बसत नसत. सुपरवायझर त्यांच्या मांडीवर आडवा होता, पाय हवेत पोहल्यासारखे हलत होते, तोंडाभोवतीची लव साखरेनं चिकट झाली होती. "गिळत नाही गं," त्या म्हणाल्या. "गिळत नाही."

टॅक्सीत दोघींनी मिळून त्याला मांड्यांवर धरलं होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पायात सुई घातली, सलाइन लावलं, काहीबाही टोचलं. बऱ्याच वेळानं त्यांनी कानांतली नळी काढून गळ्यात टाकली आणि सलाइनची चकती फिरवून बंद केली. टेबलावर सुपरवायझर एवढासा दिसत होता.

"साखर एकदम खाली गेली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किती दिलं होतं सकाळी?"

"नेहमीएवढंच," वन्संनी लगेच सांगितलं. "मी स्वतः दिलं. उजेडात धरून, रेघ बघून."

"मग असं व्हायला नको. आणखी कुणी दिलं होतं का?"

वन्सं वहिनीकडे वळल्या. त्यांच्या भुवया जवळ आल्या. पाठ असलेला नंबर ऐन वेळी आठवत नसला की दिसावा, तसा त्यांचा चेहरा झाला. ओठ किंचित हलले. उशाशी ठेवलेला चहा, सकाळचा आवाज, कुठलातरी धागा त्यांच्या हाताला लागू पाहत होता.

"मी दिलं होतं," वहिनी म्हणाली. "निघायच्या आधी. घाई होती. वन्संना सांगायला विसरले."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, "एक वेळ चुकली तर चालते, दोनदा दिलेलं चालत नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतं."

"एवढं सांगता आलं नाही तुला?" वन्संचा आवाज फाटला. "एक वाक्य?"

वहिनीनं मान खाली घातली. वन्संचा चेहरा आता सैल झाला होता. त्यात दुःख होतं, राग होता, पण मघाचं ते चाचपडणं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वन्संना रडता येत नसे, म्हणून त्या बोलत. दूधवाल्याजवळ, जिन्यात, गच्चीवर कपडे वाळत घालताना. "पोटच्या पोरासारखा झाला होता हो तो. हिनं एक शब्द सांगितला असता तर आज खिडकीत बसलेला असता." वहिनीच्या कानावर ते यायचं. ती पायऱ्या चढत राहायची.

एकदा शिंपीणबाईंनी तिला दारातच थांबवलं. तोंडातली टाचणी काढून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तर मला त्या दिवशी म्हणालात, की वन्संना सांगून निघाले म्हणून."

"म्हणाले असेन."

"मग हे का ऐकून घेता? तुमचा काही दोष नाही यात."

"तुम्ही तेवढं विसरून जा," वहिनी म्हणाली. "माझ्यासाठी एवढं करा."

शिंपीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, वरच्या मजल्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

दोष नाही, हे वहिनीला स्वतःला पटत नव्हतं. करपलेली किटली तिनं घासली होती, शिंपीणबाईंच्या दारातून वन्संना हाताला धरून तिनंच वर नेलं होतं. सगळं दिसत असून तिनं सुई त्यांच्या हाती ठेवली होती, कारण त्या सुईमुळे घरात बोलणं सुरू झालं होतं. आता बोक्यापरी बोका गेला आणि बोलणंही गेलं. पुन्हा टेबलावर चमचे वाजू लागले.

मग एका संध्याकाळी ती जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. वन्सं आतल्या खोलीतून आल्या आणि तिच्या मागे उभ्या राहिल्या. तिनं वळून पाहिलं नाही.

"किती दिवस असं तोंड पाडून राहणार आहेस?"

"नाही, तसं काही नाही वन्सं."

"मी फार बोलले तुला. लोकांतही बोलले. बोलायला नको होतं." त्या थांबल्या. "चूक माणसाच्याच हातून होते. तू काही मुद्दाम केलं नाहीस. मी मनातून काढून टाकलंय, तूही टाक."

वहिनीच्या डोक्यावर हात आला. लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवशी वाकून नमस्कार केला होता, तेव्हाही वन्संनी दुरूनच "असू दे, असू दे" म्हटलं होतं. हा हात जड होता आणि कोमट होता.

"हल्ली तुझं लक्ष नसतं गं," वन्सं म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "दुकान, घर, सगळं एकटीनं बघतेस. यापुढे काही लक्षात ठेवायचं असलं की मला सांगून ठेवत जा. माझ्या डोक्यात राहतं."

"सांगेन, वन्सं," वहिनी म्हणाली.

हातातल्या टॉवेलची घडी अर्धीच झाली होती. हात डोक्यावरून निघून जाईल म्हणून तिनं ती तशीच धरून ठेवली.