चिसंगासारखं वाचणारी बाई

नवीन बाईने दुसरा परिच्छेद संपवला आणि लोम्बेच्या हातातली कात्री कापडातच थांबली.

शनिवारची दुपार होती. किटवे शहराच्या बाजारामागे लोम्बेचं शिवणाचं दुकान. आठवडाभर तिथे शाळांचे गणवेश शिवले जायचे आणि शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढून तीन-चार जण चिनी गोष्टी वाचायला बसायचे. एकेकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा, चुकला की बाकीच्यांनी पोटभर हसायचं. आजची गोष्ट एका म्हाताऱ्याची होती. म्हैस बाजारात विकून तो एकटाच घरी निघालाय आणि सवयीने तिला वाटेत हाका मारतोय.

आता चिनी वाचताना एक गंमत होते. कोण कुणाकडून शिकलंय ते लपत नाही. न्गांद्वे हा कपड्यांचा व्यापारी. माल आणायला चीनला जाऊन तिथल्या दुकानदारांशी घासाघीस करत शिकलेला. त्यामुळे त्याचा म्हातारा म्हशीला हाक मारायचा तीसुद्धा भाव पाडून मागितल्यासारखी. कपासा हा खाणीवर एका चिनी मुकादमाच्या हाताखाली होता. तो वाचायला लागला की बिचारी म्हैस रोज उशिरा कामावर येत असावी असं वाटायचं.

"अरे, ती विकली गेलीय, तिला कशाला झापतोस!" न्गांद्वे म्हणायचा.

"मला असंच शिकवलं तर मी काय करू? चांगलं बोललेलं कधी ऐकलंच नाही," कपासा म्हणायचा.

आणि लोम्बे वाचायची ती चिसंगासारखी. चिसंगा म्हणजे तिचा नवरा. सोल्वेझीच्या बाजूला चिनी कंपनीचं रस्त्याचं काम चाललं होतं, तिथे तो सामानाच्या कोठारावर होता. आठवडाभर कॅम्पावर राहायचा आणि शनिवारी घरी. संध्याकाळी ती काज-बटणं करत बसली की तो तिला चिनी गोष्ट वाचून दाखवायचा आणि अर्थ सांगायचा. कुणी बोलायला लागलं की मान जरा डावीकडे वळवायचा आणि आवाज खाली आणायचा, जणू ते माणूस मागेच उभं आहे. परिच्छेद संपला की भुवया उचलून विचारायचा, "हं?" म्हणजे, जाऊ पुढे? ऐकून ऐकून, मधूनमधून पानात डोकावून ती शिकली. गेल्या वर्षी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून पुस्तक तिने हातात घेतलं होतं. आता ती वाचायची आणि तो ऐकायचा.

तर ही नवीन बाई. नामासिकू तिचं नाव, पश्चिमेकडची, तिशी ओलांडलेली, उंच. न्गांद्वेने आणलेली. तिने पुस्तक घेतलं, वाचायला लागली. म्हातारा बोलायच्या जागी तिची मान डावीकडे वळली आणि आवाज खाली आला. परिच्छेद संपला तशा भुवया उचलून तिने सगळ्यांकडे पाहिलं.

"हं?"

तोच सूर, तीच मान. आपल्या घरातलं भांडं परक्या बाईच्या चुलीवर दिसावं तसं लोम्बेला झालं.

"वा! याला म्हणतात वाचन," न्गांद्वे म्हणाला. "कुठे शिकलात बाई?"

"चीनमध्ये. शिष्यवृत्ती मिळाली होती."

"आणि आल्यावर?" हे लोम्बेने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"दुभाषी होते. रस्त्याच्या कामावर, सोल्वेझीकडे. आता इथे टायरच्या कंपनीत आहे."

लोम्बेने कात्री पुढे चालवली. कापड वाकडं गेलं. तिची पाळी आली तेव्हा तिने मान मुद्दाम ताठ ठेवली, पण वर्षांची सवय, वळलीच. वाचून झाल्यावर पाहते तो नामासिकू तिच्याकडे टक लावून बघतेय.

"बाना मापालो, तुम्ही कुणाकडून शिकलात?" लेक मापालोच्या नावावरून लोम्बेला सगळे बाना मापालो म्हणायचे आणि चिसंगाला बाशी मापालो.

"कुणाकडून नाही. अशीच, इकडूनतिकडून ऐकून."

"असं?" नामासिकू म्हणाली आणि गप्प झाली. ते गप्प होणंसुद्धा लोम्बेने मनात टिपून ठेवलं.

पांगापांग झाल्यावर न्गांद्वे खुर्च्या रचत रेंगाळला. "तुम्ही दोघी अगदी बहिणींसारख्या वाचता हो," तो म्हणाला. "बाशी मापालोही त्याच कामावर होता ना? बघा बुवा, कॅम्पावर जेवणाशिवाय काय काय वाढतात, देव जाणे!"

"तू तुझ्या चड्ड्या विक," लोम्बे म्हणाली. तो हसला, तीही हसली. पण शटर तिने धाडकन खाली ओढलं.

वाटेत तिला सगळं आठवायला लागलं, आणि संशयाने आठवायला बसलं की काय आठवत नाही? कॅम्पाची गाडी शुक्रवारी संध्याकाळी यायची. मोहल्ल्यातले बाकीचे नवरे तेव्हाच उतरायचे. चिसंगा मात्र शनिवारी सकाळी यायचा. "कोठाराची मोजदाद असते शुक्रवारी," तो सांगायचा. ती मान डोलवायची. बाकीच्या बायका तिच्याकडे कशा बघायच्या ते आता तिला कळलं. तो दर शुक्रवारी दाढी करत असणार, कारण शनिवारी गाल गुळगुळीत असायचे. कोठार मोजायला गुळगुळीत गाल कशाला लागतात?

घरी तो खुर्चीत बसला होता, मांडीवर घोंगडी, डावा हात त्यावर. तिने मक्याच्या पिठाचा न्शिमा केला, भेंडीची पातळ भाजी केली. घास भरवता भरवता एकदम विचारलं,

"बाशी मापालो, नामासिकू कोण?"

त्याचा चांगला डोळा मोठा झाला. तोंडातून काहीतरी ओबडधोबड आवाज निघाला, डावा हात उडाला, आणि घास घोंगडीवर सांडला.

"पुरे," ती म्हणाली. "कळलं मला."

तिने घोंगडी पुसली, त्याचं तोंड पुसलं. तोंड पुसताना हात जरा जोरात फिरला. राग आला की माणसाने कडाकडा भांडावं, मोकळं व्हावं. पण भांडणार कुणाशी? त्याच्या तोंडून 'हो'ही निघणार नव्हतं आणि 'नाही'ही. या माणसाला ती रोज आंघोळ घालत होती, कूस बदलून देत होती, बहिणी म्हणाल्या होत्या पोरीकडे पाठव, तर भांडून त्याला ठेवून घेतलं होतं. आणि का? तर या माणसाने आयुष्यात आपल्यासाठी एक गोष्ट अशी केली, जी कुणाच्या नवऱ्याने केली नाही. शनिवारी संध्याकाळी तो बाकीच्यांसारखा बिअर प्यायला गेला नाही, बायकोला गोष्ट वाचून दाखवत बसला. ते वाचनच दुसऱ्या बाईच्या अंथरुणातून उचलून आणलेलं असेल, तर मग उरलं काय? मग आपण नुसती धुणंपुसणं करणारी मोलकरीण झालो, तीही बिनपगारी.

त्या आठवड्यात तिने त्याला वाचून दाखवलं नाही. संध्याकाळी तो डाव्या हाताने पुस्तक ओढून मांडीवर घ्यायचा आणि वाट पाहायचा. ती शिवणयंत्राचं पायडल हाणत राहायची. त्याने घशातून आवाज काढला की म्हणायची, "बोलवा की तिला. तीच वाचेल, माझ्यापेक्षा छान वाचते." मग रडू यायचं आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती मागे जाऊन उगाच बादल्या घासायची.

शेवटी तिने ठरवलं. माणसाचं तोंड गेलं तरी चेहरा गेलेला नाही. समोरासमोर आणू. दोघांचे चेहरे बघू. मग त्याला ठेवायचं की पोरीकडे धाडायचं, ते ठरवू.

पुढच्या शनिवारी वाचन संपल्यावर ती नामासिकूला म्हणाली, "आज माझ्याकडे जेवायला चला."

"अगदी आज?"

"का? घाबरलात?"

"घाबरायचं काय त्यात?" नामासिकू म्हणाली. पण मिनीबसमध्ये ती खिडकीबाहेरच बघत राहिली, आणि लोम्बे तिच्याकडे.

दारातून लोम्बे आधी आत गेली आणि मुद्दाम भिंतीशी उभी राहिली. तिथून दोघं दिसत होती. नामासिकू उंबरठ्यावर आली आणि जागीच थबकली.

"बा चिसंगा?" आदराचं 'बा' लावूनच तिने हाक मारली, आणि हात तोंडावर गेला. "अरे देवा... हे काय झालं तुम्हाला? मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

लोम्बे डोळ्यांत तेल घालून नवऱ्याकडे पाहत होती. आता मान खाली घालेल. आता डोळा चुकवेल. नाहीतर हरखेल, पोरगा झाल्यासारखा.

त्याने यातलं काहीच केलं नाही. तो खुर्चीतल्या खुर्चीत धडपडून ताठ झाला, जितका होता येईल तितका. मान वाकवली. आणि डावा हात मांडीवर आपटायला लागला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. घोंगडीवर नुसतं थप थप.

"काय हवंय?" लोम्बे पुढे झाली. "पाणी?"

मग तिला दिसलं. तळवा जरा पोकळ होता. लग्न ठरवायला आला तेव्हा तिच्या बापासमोर गुडघे टेकून, दोन्ही तळवे पोकळ करून त्याने हळू टाळ्या वाजवल्या होत्या, त्या अशाच. गावच्या मुखियासमोर, शाळेतल्या म्हाताऱ्या गुरुजींसमोर तो असाच बसायचा. दुसरा हात उठत नव्हता म्हणून बिचारी मांडी टाळी घेत होती. वीस वर्षांनी लहान असलेल्या बाईला तो मोठ्यांना करतात तसं वंदन करत होता. चोरून भेटलेल्या बाईला कुणी असं करत नाही.

"नका हो, नका," नामासिकू म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आता कसली मी शिक्षिका!"

"शिक्षिका?" लोम्बेने विचारलं. "हे तुमच्याकडे शिकायचे?"

नामासिकूने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे यांची बायको तुम्हीच! तुमचं वाचन ऐकलं त्याच दिवशी मला वाटलं होतं. पण तुम्ही म्हणालात, कुणाकडून शिकले नाही. मग मी गप्प बसले. म्हटलं, लपवायचं असेल काही."

"मी लपवतेय?" लोम्बे म्हणाली. "शुक्रवारचं बोला. शुक्रवारी हे घरी का यायचे नाहीत?"

"शुक्रवारीच तर धडा असायचा. गाडी सगळ्यांना घेऊन निघून जायची आणि हे पुस्तक घेऊन जेवणघरात यायचे. दाढीबिढी करून, शाळेत आल्यासारखे. 'मॅडम, उद्या ही गोष्ट घरी वाचायचीय, बसवून द्या.' मी एक ओळ वाचायची, मग यांनी. पुन्हा मी, पुन्हा हे. तोंड फिरायचं नाही यांचं सुरुवातीला, स्वयंपाकी पोरं हसून हसून लोळायची. मी म्हणायचे, बा चिसंगा, असू दे की, जमेल तसं वाचा. तर म्हणायचे, 'बायको ऐकायला बसते हो. तिला वाटतं मी सरळ पुस्तकातून वाचतो. तिच्यासमोर अडखळलो तर काय राहिलं माझं?'"

आधी लोम्बेला रागच आला, खरं सांगायचं तर. इतकी वर्षं! इतकी वर्षं या माणसाने आपल्याला सोंग दाखवलं. आपण शेजारणींना सांगत फिरलो, माझा नवरा चिनी असं वाचतो, जसं पाणी पितो. आणि हा आदल्या रात्री परीक्षेला बसल्यासारखा घोकत होता.

"एवढंच?" तिने विचारलं. आवाज अजून कडकच होता. "आणखी काही नाही?"

"एवढंच," नामासिकू म्हणाली. "आणखी एक. तुम्हाला गोष्ट आवडली नाही की सोमवारी यांचं तोंड उतरलेलं असायचं. म्हणायचे, 'मॅडम, दुःखी शेवटाच्या गोष्टी नकोत, ती रडते आणि मग शिवण चुकतं.'"

लोम्बेने नवऱ्याकडे पाहिलं. तो नामासिकूकडे बघतच नव्हता. तो लोम्बेकडे बघत होता, आणि त्याच्या चांगल्या डोळ्यात भीती होती. शाळेत कॉपी करताना पकडलेल्या पोराच्या डोळ्यात असते तशी. वीस दिवस बेशुद्ध होता तेव्हाही लोम्बे इतकी हलली नव्हती.

"आणि मी आठवडाभर तुम्हाला वाचून दाखवलं नाही," ती म्हणाली. "बोलला असतात तर! अहो, अडखळला असतात तरी मी ऐकलं असतं. मला काय कळत होतं, बरोबर काय आणि चूक काय?"

त्याच्या घशातून आवाज आला. हात थांबला होता तो पुन्हा मांडीवर पडायला लागला. वंदन अजून पुरं व्हायचं होतं; समोरचं माणूस बसेपर्यंत ते सोडत नाहीत, आणि नामासिकू अजून दारातच उभी होती. थप, थप, घोंगडीवर, पण टाळी काही वाजत नव्हती.

लोम्बे खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसली. घोंगडी बाजूला सारली आणि आपला तळवा, जरा पोकळ करून, त्याच्या हाताखाली धरला. त्याचा हात खाली आला आणि या वेळी टाळी वाजली. मग आणखी एक. नामासिकू मान झुकवून हळूच खाली बसली आणि तिने ते वंदन घेतलं, दोघांचंही.